बावीस क्रमांकाचे दार (थ्रेड)

साल १९९५. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी गुपचूप टेहळणी करणारा प्रोग्राम बसवला होता. तो सापडला, तेव्हा त्यात हजारो वापरकर्त्यांची नावे आणि पासवर्ड जमा झाले होते.

चोराला कुलूप फोडावे लागलेच नव्हते. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी त्या काळी टेलनेट वापरीत. त्याचा उगम १९६९ चा, अर्पानेटच्या आरंभीचा. जाळ्यावर तेव्हा मोजकीच माणसे होती. टेलनेटवरून पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जाई, वाटेतल्या कोणालाही वाचता येईल असा.

त्याच विद्यापीठातील संशोधक तातु युलोनेन यांनी त्याच वर्षी 'सिक्युअर शेल' अर्थात एसएसएच लिहिले. यात आधी संपूर्ण संभाषण कूटबद्ध होते, पासवर्ड त्यानंतर जातो.

पोर्ट क्रमांकाची कथा मोठी गमतीची. २१ एफटीपीचा, २३ टेलनेटचा, मधला २२ रिकामा! युलोनेन यांनी जुलैमध्ये क्रमांक वाटणाऱ्या 'आयाना'कडे ईमेलने तो मागितला. दुसऱ्याच दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांचा होकार आला. वर्षअखेरीस सुमारे ५० देशांत २०,००० वापरकर्ते झाले होते.

राउटरवर मात्र हे काम हाताने करावे लागे. सिस्कोच्या राउटरला आधी नाव आणि डोमेन द्यायचे, मग आरएसए किल्ल्यांची जोडी घडवायची, खाती नोंदवायची आणि शेवटी 'व्हीटीवाय' ओळींवर 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' ही आज्ञा द्यायची. अनेक जुन्या आवृत्त्यांत ही शेवटची आज्ञा राहून गेली, की २२ चे दार बसे आणि शेजारचे २३ चेही उघडेच राही.