आडनाव जुळत नाही? नंबर शोधा

आडनाव कशासाठी विचारतात हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. तरीही मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचा शोध घेताना आपण आडनावच धरून बसतो आणि ते जुळले नाही की 'त्याने नाव बदलले असेल' म्हणून फाईल बंद करतो.

1834 पासून सुमारे साडेचार लाख भारतीय करारबद्ध मजूर म्हणून तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे होती. उतरल्यावर कारकुनाने जे ऐकले ते रोमन लिपीत लिहिले. बहुतेकांच्या नोंदीत आडनाव नव्हतेच. होते ते स्वतःचे नाव आणि काही वेळा बापाचे. पुढच्या पिढीत त्यातलेच एखादे नाव घराण्याचे आडनाव झाले. मग बदलले काय?

काहींनी मुद्दाम बदललेही असेल. जातीचा रकाना होता, पण ओळखणारा पाटील-कुलकर्णी बोटीवर नव्हता. याला 'खोटेपणा' म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे : गावगाड्याने धोंड्या, कचऱ्या म्हणून हाक मारली, ते नाव मात्र खरे कसे?

आणि आडनाव बदलणे आपल्याला परके आहे का? बाबासाहेबांचे घराणे सकपाळ. आंबडवे या मूळ गावावरून आडनाव आले ते शाळेच्या दाखल्यात. आजोबा मालोजी सकपाळ फौजेत होते. त्यांना लष्करी कागदांत 'आंबेडकर' म्हणून शोधणाऱ्याच्या हाती काय लागेल?

म्हणून धागा धरायचा तो नंबराचा. प्रत्येक मजुराला आगमनाचा क्रमांक मिळाला. मळ्याच्या कागदांत, लग्नाच्या, अनेकदा मुलांच्या जन्माच्या नोंदीतही तो येतो. नावाचे स्पेलिंग चार कागदांत चार तऱ्हेचे असले तरी नंबर माणसाला सोडत नाही. (माणसाला नंबर करणाऱ्या व्यवस्थेचा हा एवढाच उपकार!) त्या नंबरावरून बोट, वय, उंची, जिल्हा, कधी गावही सापडते. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ही दप्तरे आहेत.

तिथून इकडे यायचे ते गावाच्या नावावरून. कोकणात गावाच्या नावापुढे 'कर' लावून आडनाव होते, त्यामुळे एकाच गावच्या वेगवेगळ्या जातींचे आडनाव एकच असू शकते. आडनाव मिळाले म्हणजे घर मिळाले असे समजू नका. जन्ममृत्यूची नोंदवही, जमिनीचे कागद, महार वतनाच्या नोंदी, म्हाताऱ्यांची आठवण, सगळे ताडून पाहावे लागते.

1860 च्या दशकापासून मजुरांचे फोटोही काढले गेले. कायद्याने ते पासावर लावायचे होते, पळालेला मजूर पकडता यावा म्हणून. आज नातवंडे-पणतवंडे त्याच फोटोत आपल्या माणसाचा चेहरा शोधतात.