जुन्या गाडीचं इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ का मारतं? क्रँककेस ब्रीदर समजून घ्या

माझ्याकडे १९७२ ची फियाट ११०० डिलाइट आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली, १०८९ सीसी इंजिनाची. दोन पावसाळ्यांपूर्वी तिच्याखाली तेलाचे डाग पडायला लागले. मेकॅनिकने मागचा ऑइल सील बदलला. महिन्याभरात गळती परत सुरू. पुन्हा सील बदलला, पुन्हा तेच. मग तो म्हणाला, “साहेब, बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा गेल्यात. फुल इंजिन करावं लागेल.” खर्च सांगितला ४५ हजार. प्रत्यक्षात दोष निघाला एका रबरी पाईपमध्ये. तुमचे पैसे असे जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

ब्लो-बाय म्हणजे काय?

सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं तेव्हा प्रचंड दाब तयार होतो. पिस्टनच्या रिंगा तो अडवतात, पण शंभर टक्के नाही. थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. हाच ब्लो-बाय. आपल्याकडे गॅरेजमध्ये यालाच बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. नव्या इंजिनातही तो थोडा असतोच, झिजलेल्या इंजिनात वाढतो.

या वायूत न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि तेलाचे बारीक थेंब असतात. त्याला बाहेर पडायला वाट हवी. वाट बंद झाली की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि तेल सापडेल तिथून बाहेर येतं: ऑइल सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डिपस्टिकची नळी. मागच्या सीलमधलं तेल क्लचवर गेलं तर क्लचही घसरायला लागतो.

जुन्या आणि नव्या गाडीतला फरक

फार जुन्या गाड्यांत एक नळी सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असायची. गाडी पळताना वाऱ्याने तिच्या तोंडाशी ओढ तयार व्हायची आणि वायू बाहेर जायचा. गाडी उभी असली की ओढ बंद. १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रदूषणामुळे पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. तो हा वायू इनटेक मॅनिफोल्डच्या ओढीने खेचून पुन्हा जाळायला पाठवतो. आज चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पेट्रोल गाड्यांत ही बंद व्यवस्था असतेच. माझ्या फियाटमध्ये व्हॉल्व्ह नाही, फक्त ब्रीदरपासून एअर क्लीनरपर्यंत एक पाईप आहे.

पाईप चोंदला कसा?

माझा रोजचा प्रवास निगडी ते आकुर्डी, जेमतेम दहा मिनिटांचा. एवढ्यात तेल नीट तापतच नाही. वाफेचं पाणी आत साचतं, तेलात घुसळलं जातं आणि लोण्यासारखा पांढरट-पिवळा चिकटा तयार होतो. पावसाळ्यात तर जास्तच. तोच पाईपमध्ये आणि ब्रीदरच्या जाळीत बसला होता.

इंजिन उघडण्याआधी हे तपासा

१. ब्रीदरचा पाईप काढून फुंकून बघा. हवा सहज जायला हवी. पाईप आतून फुगला असेल किंवा वाकून दबला असेल तर बदला. जाळी रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा.

२. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि तेल भरायचं झाकण काढा. हलका धूर चालतो. वायू जोरात भकाभका येत असेल तर पुढची चाचणी करा.

३. कॉम्प्रेशन टेस्ट करा. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा बराच कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. चढला नाही तर संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर घ्या.

माझे चारही सिलिंडर १२५ ते १३५ पीएसआयमध्ये होते. म्हणजे रिंगा ठीक. पाईप बदलला, जाळी साफ केली, तेल बदललं. सील तिसऱ्यांदा बदलला, तो आजही कोरडा आहे.

कॅच कॅन बसवावा का?

रिंगा थोड्या झिजल्या असतील आणि एअर क्लीनर तेलाने भिजत असेल तर बसवा. पाईपच्या मध्ये एक डबा येतो. आतल्या आडव्या पत्र्यांवर किंवा जाळीवर तेलाचे थेंब अडतात, वायू पुढे जातो. नळ्यांचा आतला व्यास मूळ पाईपपेक्षा कमी नको, नाहीतर पुन्हा तोच दाब. डबा सायलेन्सरच्या गरम पाईपपासून लांब लावा. पावसाळ्यात दर आठवड्याला रिकामा करा, त्यात पाणीच जास्त निघतं. ते तेल इंजिनात परत ओतू नका.

दुसऱ्या गाडीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह मात्र अंदाजाने जोडू नका. त्यातून मॅनिफोल्डमध्ये जादा हवा जाते, कार्ब्युरेटरचं मिश्रण बिघडतं आणि गाडी स्लोवर थांबत नाही.

आणि ब्रीदर कधीही बूच लावून बंद करू नका. ‘धूर येतोय, बंद करून टाकू’ हा सल्ला मलाही मिळाला होता. पाईप रस्त्यावर मोकळा सोडणंही चुकीचं, मागून येणारा दुचाकीवाला त्या तेलावरून घसरू शकतो.

आता मी रविवारी फियाट तळवडेमार्गे चाकणपर्यंत नेऊन आणतो. तेल पूर्ण तापतं आणि आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. जुन्या इंजिनाला याहून स्वस्त औषध नाही.