एका पडद्यावरच्या अनेक खोल्या

हिमायतनगरात वर्गात प्रोजेक्टर लावून शिकवताना मी लिनक्सवर आय-थ्री वापरतो. मायकेल स्टापेलबर्ग या जर्मन प्रोग्रामरने २००९ मध्ये सुरू केलेला हा विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्यांची मांडणी सांभाळणारा प्रोग्राम. सगळी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. त्यातल्या एका ओळीने दुसरा डेस्कटॉप कायमचा प्रोजेक्टरला बांधला. दुसऱ्या ओळीमुळे मॉड ही ठरवलेली कळ आणि एफ एकत्र दाबलं की खिडकी पडदाभर होते. मुलांना भिंतीवर फक्त स्लाइड दिसते, माझी टिपणं लॅपटॉपवरच राहतात.

ही सोय सहज आलेली नाही. १९८६ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी ‘रूम्स’ ही कल्पना मांडली. पडदा लहान, खिडक्या फार, माणसाचा वेळ त्या हलवण्यातच जातो. मग एकेका कामाच्या खिडक्या एकेका खोलीत, म्हणजे वेगळ्या डेस्कटॉपवर, ठेवा. माझ्या मते, पडद्याच्या मांडणीत माणसाची इतकी जाण असलेली कल्पना क्वचितच आली. १९९३ मध्ये रॉबर्ट नेशन यांनी टीडब्ल्यूएम या आधीच्या विंडो मॅनेजरचा कोड घेऊन, त्याची मेमरीची भूक कमी करत, एफव्हीडब्ल्यूएम लिहिला. साध्या मशिनवरही अनेक डेस्कटॉप परवडू लागले.

पडदाभर दाखवणं मात्र बराच काळ जुगाडावर चाललं. प्रोग्राम पडद्याएवढी बिनचौकटीची खिडकी काढायचा आणि खालची पट्टी तिच्यावर डोकावायची. पुढे फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाच्या समाईक नियमांत ‘फुलस्क्रीन’ ही खिडकीची एक अवस्थाच ठरली. प्रोग्राम ती मागतो, विंडो मॅनेजर चौकट आणि पट्टी बाजूला सारून ती देतो. आमच्या वर्गात लिब्रेऑफिसच्या स्लाइड याच वाटेने भिंतीवर येतात.