मामाचं डोंगल आणि आयबीएमचे पाच स्लॉट

आमचं गाव चांदूर बाजार. पुण्यात कुणाला सांगितलं की हमखास विचारतात, "म्हणजे ते चांदूर रेल्वे ना?" नाही हो. रेल्वे त्यांच्याकडे, बाजार आमच्याकडे. (आता नरखेड लाइनची गाडी आमच्याकडेही येते, पण एकदा नाव पडलं ते पडलं.)

या गावात माझ्या मामांचं दुकान आहे. झेरॉक्स, लग्नपत्रिका, बिलबुकं आणि अलीकडे ऑनलाइन फॉर्म. २०१९ साली मला पहिली नोकरी लागली आणि पहिल्याच दिवाळीला मी मोठ्या तोऱ्यात मामांसाठी लॅपटॉप घेऊन गेलो. एकदम स्लिम. दोन टाइप-सी पोर्ट आणि हेडफोनचं एक भोक, बस्स.

मामांनी तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला. मला वाटलं कौतुक चाललंय. मग खिशातून काडेपेटीएवढा एक ठोकळा काढून म्हणाले, "अबे, हे कुठी लावू?"

ते डोंगल होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर घेतलं की सोबत असं एक कुलूप मिळायचं. ते कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टला लावायचं आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल. सॉफ्टवेअर उघडताना आधी डोंगल जागेवर आहे का ते बघणार. नसेल तर राम राम.

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! यूएसबी-टू-पॅरलल केबल मागवली, ती टाइप-सीच्या हबला लावली. प्रिंटर चालला, डोंगल काही चाललं नाही. कारण नंतर कळलं. ही केबल विंडोजला सांगते, "मी एक प्रिंटर आहे." जुनं सॉफ्टवेअर मात्र कुणाला न विचारता थेट ३७८ (हेक्साडेसिमल) या हार्डवेअरच्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतं. नव्या लॅपटॉपमध्ये त्या पत्त्यावर कुणी राहतच नाही!

मामा एवढंच म्हणाले, "इंजिनेर झाला लेका तू, पण घेतानी भोकं नाही मोजली."

हा टोला लागला. त्या दिवसापासून मी जमेल तसं या भोकांबद्दल वाचतोय. मशीनला किती पोर्ट द्यायचे आणि किती स्लॉट ठेवायचे हे कोण ठरवतं आणि कशावरून? गंमत म्हणजे या भांडणाला जवळजवळ पन्नास वर्षं झाली आहेत.

सुरुवात ॲपलपासून. १९७७ च्या ॲपल-टू मध्ये स्टीव्ह जॉब्जला दोनच स्लॉट हवे होते, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला. लोकांना आणखी काय लागणार? वॉझनियाक मात्र आठवर अडून बसला. लोक काय लावतील ते आपल्याला आत्ता माहीत नाही, म्हणूनच जागा ठेवायची, असं त्याचं म्हणणं. वॉझनियाक जिंकला आणि पुढची कित्येक वर्षं ॲपल-टू विकला गेला. १९८४ चा मॅकिंटॉश जॉब्जच्या मनासारखा निघाला, त्यात एकही स्लॉट नव्हता. तीनच वर्षांत, १९८७ ला, मॅकिंटॉश टू आला तो सहा स्लॉट घेऊन. असो.

मधल्या काळात, ऑगस्ट १९८१ मध्ये, आयबीएमने आपला पीसी आणला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी बसून डॉन एस्ट्रिजच्या टीमने तो बनवला. मदरबोर्डवर पाच स्लॉट. त्यातला एक डिस्प्ले कार्डात जायचा, एक फ्लॉपीच्या कार्डात. उरले तीन. पण आयबीएमने त्याहून मोठी गोष्ट केली. टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमध्ये सर्किटचे नकाशे आणि बायोसचा कोडसुद्धा छापून टाकला. म्हणजे जागा ठेवली आणि तिथे यायचा रस्ताही दाखवला.

आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्या पत्रिकांशी काय संबंध? आहे, आणि तो थेट आहे.

त्या पीसीच्या पडद्यावर टेक्स्ट मोडमध्ये ८० रकाने आणि २५ ओळी असत. एका चौकटीत एक अक्षर. अक्षरांचे आकार डिस्प्ले कार्डावरच्या रॉम चिपमध्ये कायमचे कोरलेले, एकूण २५६. त्यात ग्रीक अक्षरं होती, हसरा चेहरा होता, पत्त्यातले इस्पिक-बदामसुद्धा होते. 'क' नव्हता. 'स्त्री' तर सोडाच, तिथे तीन व्यंजनं आणि वेलांटी एकमेकांना चिकटवायची होती. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांच्या डोक्यात मराठी येण्याचं काही कारणही नव्हतं.

पण तीन स्लॉट रिकामे होते ना!

कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर काम चाललं होतं. मोहन तांबे त्यातले एक प्रमुख. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे काम तिकडे आलं. त्यातून जिस्ट कार्ड हे पीसीच्या स्लॉटमध्ये बसवायचं कार्ड पुढे आलं. त्याची युक्ती मला आजही भारी वाटते. सगळी सॉफ्टवेअर मराठीत नव्याने लिहीत बसायचं नाही. कार्ड मध्ये बसणार, येणारे आकडे ओळखणार आणि पडद्यावर नीट जोडलेली देवनागरी काढणार. डीबेस असो की वर्डस्टार, त्या बिचाऱ्यांना पत्ताच नाही की आपण मराठी लिहितोय! आतमध्ये पहिले १२८ कोड इंग्रजीचे तसेच ठेवले आणि वरचे १२८ आपल्या लिप्यांना दिले. 'क' चा कोड देवनागरीत, गुजरातीत आणि तमिळमध्ये एकच. ही पद्धत म्हणजे इस्की, १९९१ साली ती भारतीय मानक झाली. युनिकोडचा देवनागरी तक्ता १९८८ च्या इस्कीवरूनच बेतलेला आहे. तुम्ही आत्ता मोबाइलवर हे वाचताय, त्याचा धागा असा एका रिकाम्या स्लॉटपर्यंत मागे जातो.

सी-डॅकचे पहिले प्रमुख विजय भटकर. १९९१ च्या परम ८००० सुपरकॉम्प्युटरमुळे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. ते मूळचे अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. आणि मूर्तिजापूर म्हटलं की वऱ्हाडातल्या माणसाला आठवते शकुंतला. अचलपूरहून आणि यवतमाळहून मूर्तिजापूरला यायची ती नॅरोगेज गाडी. तिचे रूळ अडीच फुटांचे आणि मूर्तिजापूरवरून जाणारी मोठी लाइन साडेपाच फुटांची. शकुंतलेचा डबा काही मोठ्या रुळावर चढायचा नाही. मग कापसाच्या गाठी इकडच्या डब्यातून उतरवा आणि तिकडच्या डब्यात चढवा. माझ्या मते मूर्तिजापूर हे वऱ्हाडातलं सर्वात जुनं अडॅप्टर. अडॅप्टरने काम होतं, नाही असं नाही. पण दर वेळी हमालीचे पैसे लागतात.

तर लॅपटॉप. लॅपटॉप आला तेव्हा ही सगळी कार्डं बाहेर राहिली, कारण एवढं लांबरुंद कार्ड त्यात मावणार कुठे? त्यासाठी १९९० मध्ये पीसीएमसीए कार्डाचं पहिलं स्टँडर्ड आलं. क्रेडिट कार्डाएवढं, ६८ पिनांचं. मोडेम, नेटवर्क, पुढे वायरलेस, काय हवं ते सरकवा. २००३ साली त्याचा धाकटा भाऊ एक्स्प्रेसकार्ड आला, पण तोवर उशीर झाला होता. वाय-फाय लॅपटॉपच्या आतच येऊ लागलं होतं आणि बाकी सगळं यूएसबीने गिळलं होतं.

यूएसबी १९९६ ची. इंटेलमध्ये तिच्यामागे असलेले अजय भट्ट बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. तिच्याआधी माउसचं भोक वेगळं, कीबोर्डचं वेगळं, प्रिंटरचं वेगळं. यूएसबीने सगळ्यांना एका पंगतीत बसवलं. १९९८ च्या आयमॅकने बाकीचे जुने पोर्ट काढूनच टाकले, तेव्हा बोंब झाली. वर्षा-दोन वर्षांत लोक रुळले. २०१४ ला टाइप-सी आलं. २०१५ च्या मॅकबुकला तर एकच पोर्ट, चार्जिंग त्यातून आणि पेन ड्राइव्हही त्यातच. २०१६ चे मॅकबुक प्रो फक्त टाइप-सीवाले. २०२१ ला त्याच ॲपलने एचडीएमआय, कार्ड स्लॉट आणि मॅगसेफ परत आणले. म्हणजे पाच वर्षं लोकांनी बॅगेत हब वागवल्यावर!

आता जुनं धरून बसा असं मला म्हणायचं नाही. पॅरलल पोर्ट गेला ते बरंच झालं. टाइप-सी खरंच चांगलं आहे, युरोपने तर कायदा करून सगळ्यांना एकच चार्जर लावायला लावला. पण 'एकच भोक सगळ्यांना' यातही एक मेख आहे. भोकं दिसायला सारखी, आत वेगळी. एक नुसतं चार्ज करतं, एक मॉनिटर चालवतं, एक फक्त डेटा नेतं. पूर्वी पोर्ट बघून कळायचं की इथे काय लागतं. आता स्पेसिफिकेशनचा बारीक टाइप वाचावा लागतो.

आणि मामांचं काय झालं?

२०१९ चा लॅपटॉप मामेबहिणीकडे गेला आणि दुकानात जुनाच डेस्कटॉप चालू राहिला. गेल्या पावसाळ्यात वीज पडली आणि त्याचा मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क वाचली. पण त्यातल्या फाइल उघडायला तेच सॉफ्टवेअर हवं, त्याला डोंगल हवं आणि डोंगलला खरा पॅरलल पोर्ट हवा. त्या फाइल म्हणजे नुसत्या पत्रिका नव्हेत. मामांनी वीस वर्षं गावोगावच्या घराण्यांची नावं टिपून ठेवली आहेत. कोण कुणाचा चुलता, कुणाच्या नावामागे आता 'कै.' लावायचं, कोणता मामा आधी छापायचा. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "मोठ्या बहिणीच्या टायमाले होतं तेच टाका." एक नाव चुकलं की दोन घरं वर्षभर बोलत नाहीत. दुकानाचं खरं भांडवल ते आहे. आणि तो मजकूर युनिकोडमध्ये नाही, त्या काळच्या खाजगी फाँटमध्ये आहे. दुसरीकडे उघडला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

शेवटी पुण्यात एक जुना, २००७ च्या आसपासचा ऑफिसवाला लॅपटॉप मिळाला. त्याला खालून डॉकिंग स्टेशन लागतं आणि त्या डॉकला खरा पॅरलल पोर्ट आहे! एक्सपी टाकली, सॉफ्टवेअर टाकलं, डोंगल लावलं, श्वास रोखला... आणि उघडलं. कुण्या इंजिनियरने लॅपटॉपच्या पोटाखाली एक कनेक्टर ठेवला होता, 'लागलाच कुणाला तर' म्हणून. तेव्हापासून दर शनिवारी मी थोड्या थोड्या फाइल युनिकोडमध्ये आणतोय. निम्म्या झाल्या. तो लॅपटॉप तेवढा तग धरो, एवढीच प्रार्थना.

दुकानासाठी नवा लॅपटॉपही घ्यायचा होता. या वेळी आधी दुकानात बसून भोकं मोजली. अंगठ्याचं मशीन एक, प्रिंटर एक, गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह एक, म्हणजे साधे यूएसबी तीन. ब्रॉडबँडची वायर थेट लागावी म्हणून लॅनचा पोर्ट. एक एचडीएमआय, म्हणजे गिऱ्हाइकाला पत्रिका मोठ्या पडद्यावर दाखवता येईल. एक टाइप-सी, तेही चार्जिंग आणि डिस्प्ले दोन्ही देणारं. लॅपटॉप जाड निघाला. वजनाला माझ्या ऑफिसच्या मशीनच्या दीडपट असेल. मामा म्हणाले, "चांगलं हाय. मले काय तो डोक्यावर घेऊन फिरायचा हाय का?"

माझ्यासारखे लोक लॅपटॉप निवडताना स्वतःच्या बॅगेचा विचार करतात. बनवणारेही तोच करतात. बोका रॅटनच्या त्या मंडळींना मराठी येत नव्हती, तरी त्यांनी ठेवलेल्या जागेत मराठी बसली.

परवा मामांना हे सगळं सांगत होतो. ते एक पत्रिका लावत होते. मी विचारलं, "मामा, खाली दोन ओळी रिकाम्या काहून सोडल्या?"

"अबे, छापायच्या आधल्या रात्री एखादा आतेभाऊ आठवतेच," ते म्हणाले. "त्याले जागा नको?"