उसन्या नावाचा खुनी

बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्यांवर वाढलेल्या वाचकांच्या मनात गुप्तहेराची एक प्रतिमा कायमची घर करून बसलेली असते. खुनी हुशार, हेर त्याहून हुशार, आणि शेवटच्या प्रकरणात मुखवटा गळून पडणार ही खात्री. पुढे इंग्रजी चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी या कथेला एक नवे वळण दिले. वर्षांपूर्वी गाजलेला एखादा खुनी असतो, तो कधीच सापडलेला नसतो, आणि आता कुणी दुसराच त्याची हुबेहूब नक्कल करीत सुटलेला असतो. कथालेखकांना हा प्रकार आवडतो, कारण त्यात एका खर्चात दोन खलनायक मिळतात. पण अशी घटना न्यूयॉर्क शहरात खरोखर घडलेली आहे. तिच्या तपशिलात शिरले की कादंबरीतली पुष्कळशी गंमत ओसरते आणि दुसरेच काही प्रश्न पुढे उभे राहतात. मला या प्रकरणाचे आकर्षण आहे ते त्या प्रश्नांमुळे.

आधी मूळ खुन्याविषयी. १९६८ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील व्हॅलेहो गावाजवळ एका निर्जन रस्त्यावर मोटारीत बसलेल्या एका तरुण जोडप्याला कुणीतरी गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षीच्या जुलैत दुसऱ्या जोडप्यावर हल्ला झाला, सप्टेंबरात एका तलावाकाठी तिसऱ्या जोडप्यावर, आणि ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को शहरात एका टॅक्सीचालकाचा खून झाला. एकंदर पाच माणसे मेली, दोघे जखमी होऊन वाचले. असल्या घटना अमेरिकेत नवीन नव्हत्या. नवीन होती ती पत्रे. १९६९ च्या जुलैअखेर तीन वर्तमानपत्रांकडे एकेक पत्र आले, प्रत्येकासोबत सांकेतिक लिपीचा एकेक तुकडा. तो छापा, नाहीतर आणखी माणसे मारीन, अशी धमकी. ते ४०८ चिन्हांचे कोडे सलिनास गावच्या एका शाळामास्तरांनी आणि त्यांच्या पत्नीने घरी बसून सोडविले! लगेच पुढच्या पत्रात त्याने स्वतःचे बारसे केले : ‘झोडिॲक’, म्हणजे राशिचक्र. सहीच्या जागी एक वर्तुळ आणि त्यावर फुली. त्याचे ३४० चिन्हांचे दुसरे कोडे सुटायला मात्र २०२० चा डिसेंबर उजाडावा लागला, आणि तेही तीन देशांतल्या तिघा हौशी मंडळींनी संगणकाच्या मदतीने सोडविले. त्यात नाव नव्हते. माणूस आजवर सापडलेला नाही.

या प्रकरणाचा तपास करणारे सॅन फ्रान्सिस्कोचे इन्स्पेक्टर डेव्हिड टॉस्की यांची कथा येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. टॉस्की हे रुबाबदार गृहस्थ. १९६८ च्या ‘बुलिट’ या चित्रपटात नायकाने खांद्याखाली पिस्तूल अडकवायची पद्धत त्यांच्यावरून उचलली होती. १९७८ साली झोडिॲकच्या नावाने, बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर, एक पत्र आले. त्याच सुमारास असे उघडकीस आले, की टॉस्कींनी एका स्तंभलेखकाला खोट्या नावांनी स्वतःचीच स्तुती करणारी पत्रे पाठविली होती. ती गोष्ट त्यांनी कबूल केली. मग झोडिॲकचे नवे पत्रही याच साहेबांनी लिहिले नसेल कशावरून, असा संशय निघाला. तो त्यांनी नाकारला आणि तो सिद्धही झाला नाही. पण खून-तपासाच्या विभागातून त्यांना जावे लागले. ते पत्र बनावट असल्याचे मत तज्ज्ञांनी पुढे दिले. खुन्याला जे नाव लाभले होते त्याची भूक किती जणांना लागली होती, याचा यावरून अंदाज यावा. पत्रे लिहायला पिस्तूल लागत नाही, आणि नक्कल करणारे बहुतेक तेवढ्यावरच थांबतात.

एक मात्र थांबला नाही.

१९८९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ईस्ट न्यूयॉर्क पोलीस ठाण्यात एक पत्र आले. बारा राशींचा एकेक माणूस मी मारणार, असा मजकूर. खाली ‘झोडिॲक’. अशी पत्रे मोठ्या शहरातल्या पोलिसांकडे येतच असतात. कुणी फारशी दखल घेतली नाही. १९९० च्या ८ मार्चला पहाटेच्या अंधारात, काठी टेकत चाललेल्या एका माणसाला पाठीत गोळी लागली. २९ मार्चला दुसऱ्याला. ३१ मे रोजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका वृद्धाला, तोही काठीवर चालणारा. पहिले दोघे वाचले, हा म्हातारा पुढच्या महिन्यात रुग्णालयात वारला. २१ जूनला सेंट्रल पार्कमध्ये बाकावर झोपलेल्या एका निराधार माणसाच्या छातीत गोळी घातली गेली. तोही वाचला.

खुन्याने चिठ्ठ्या टाकल्या होत्या, वर्तमानपत्राला पत्रही पाठविले होते. त्यात राशींची चिन्हे होती : वृश्चिक, मिथुन, वृषभ, कर्क. ही पाश्चात्यांची सूर्यरास बरे का, आपल्या पत्रिकेतली चंद्ररास नव्हे. जन्मतारखा काढून पाहिल्या तर चारही बरोबर! या अनोळखी माणसांच्या राशी त्याला कळल्या कशा, या प्रश्नाने पोलिसांची झोप उडाली. चौथ्याने सांगितले, की आदल्या दिवशी एकाने आपल्याला जन्मतारीख विचारली होती. मग कुणीतरी कॅलेंडर घेऊन बसले आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. चारही दिवस गुरुवार, आणि मधली अंतरे एकवीस, त्रेसष्ट, एकवीस दिवसांची. पुढचा एकविसावा दिवस १२ जुलैचा गुरुवार.

सुमारे पन्नास डिटेक्टिव्हांचे पथक उभे राहिले. त्या वेळी न्यूयॉर्कच्या सर्व डिटेक्टिव्हांचे प्रमुख होते जोसेफ बोरेली. हा योगायोग पाहण्यासारखा आहे. १९७७ साली ‘सन ऑफ सॅम’ म्हणून गाजलेल्या डेव्हिड बर्कोवित्झने प्रेतांजवळ टाकलेले पहिले पत्र याच बोरेलींच्या नावाने होते. पत्रे लिहिणाऱ्या खुन्यांचा एवढा जवळचा अनुभव फार थोड्या पोलिसांना असेल.

पथकापुढचा पहिलाच प्रश्न असा, की हा तोच का? कॅलिफोर्नियातला माणूस वीस वर्षांनी देशाच्या दुसऱ्या टोकाला प्रकट झाला असेल का? हा प्रश्न वरवर पाहता रंजक, पण कामाच्या दृष्टीने अगदी रोकडा आहे. तोच असेल तर पन्नाशीकडे झुकलेला गोरा माणूस शोधायचा, आणि सॅन फ्रान्सिस्कोची कपाटे उघडायची. तो नसेल तर ती सगळी कपाटे बंद करून ब्रुकलिनच्या गल्ल्यांत हिंडायचे. अक्षरे ताडून पाहिली, जुळली नाहीत. वर्तमानपत्राने तसे छापले. त्यावर या माणसाने काय करावे? त्याने पुन्हा पत्र लिहून तक्रार केली, की अक्षर वेगळे दिसत असले तरी झोडिॲक एकच आहे! या एका पत्राने त्याने स्वतःविषयी फार काही सांगून टाकले, असे मला वाटते. मूळ खुनी नाव कमावून बसला होता, हा ते उसने घेऊन हिंडत होता आणि पावती मागत होता.

आमच्या सीमाभागातल्या वाचकांना अक्षराची ही गोष्ट समजावून सांगायला नको. कन्नड शाळेत हात वळलेला माणूस देवनागरी लिहू लागला, की त्याच्या अक्षराला एक गोलाई येते. तो मराठी कितीही शुद्ध लिहो, शिरोरेघ थोडी उचललेलीच राहते. पाकिटावरचा पत्ता पाहून पत्र कुणाचे ते घरातली वडीलधारी मंडळी न फोडता सांगत. नक्कल करताना लक्ष ठळक खुणांवर असते, आणि हात आपल्या सवयीने चालत राहतो.

१२ जुलैच्या रात्री ब्रुकलिनमध्ये पोलिसांनी जागोजाग पहारा ठेवला. काहीच घडले नाही. पुढच्या एकविसाव्या दिवशीही नाही. पथकाच्या हाती राहिल्या दोन-तीन वस्तू. सेंट्रल पार्कमधल्या चिठ्ठीवर बोटाचा ठसा होता, पण नोंदीतल्या कुठल्याही ठशाशी तो जुळत नव्हता. गोळ्यांवर बंदुकीच्या नळीतल्या पेचांचे ओरखडे नव्हते, म्हणजे हत्यार घरी नळीचे तुकडे जोडून केलेले गावठी असणार. आणि साक्षीदारांच्या वर्णनावरून काढलेले एक रेखाचित्र होते : तिशी उलटलेला काळ्या वर्णाचा माणूस. हे चित्र पुढे पूर्णपणे चुकीचे ठरले. हळूहळू पथक मोडले, माणसे दुसऱ्या कामांना लागली.

आता यापुढचा भाग. १९९२ च्या ऑगस्टपासून १९९३ च्या ऑक्टोबरपर्यंत ब्रुकलिन आणि क्वीन्स यांच्या सीमेवरील हायलंड पार्क परिसरात चार हल्ले झाले. दोघे मेले, दोघे जखमी झाले. पण या वेळी चिठ्ठी नव्हती, गुरुवार नव्हता, एकाला तर सुऱ्याने भोसकले होते. त्यामुळे न्यूयॉर्कसारख्या शहरातल्या रोजच्या खुनांत हे चार मिसळून गेले. झोडिॲकचे नाव कुणाच्या ओठांवरही आले नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये खुन्यानेच वर्तमानपत्राला पत्र लिहून हे माझेच म्हणून कळविले, तेव्हा कुठे ती प्रकरणे एकमेकांशेजारी ठेवली गेली. कागद होता तोवर पन्नास डिटेक्टिव्ह होते. कागद नव्हता तेव्हा त्याच माणसाने त्याच शहरात दोन जीव घेतले आणि कुणाला धागा दिसला नाही. याच वर्षीच्या मार्चमध्ये तो गावठी पिस्तुलासह पोलिसांच्या हाती लागलाही होता. पण ते हत्यार चालत नाही असे ठरल्याने प्रकरण तेथेच मिटले.

१८ जून १९९६ रोजी ईस्ट न्यूयॉर्कमधल्या एका घरात हेरिबेर्तो सेदा नावाच्या, सव्वीस-सत्तावीस म्हणता म्हणता अठ्ठाविशी ओलांडलेल्या तरुणाने भांडणात आपल्या धाकट्या बहिणीवर गोळी झाडली. ती निसटली. पोलीस आले तेव्हा तो सुमारे तीन तास त्यांच्यावर गोळ्या झाडत राहिला, मग शरण आला. वरून पोलिसांनी बादली सोडली आणि तिच्यात त्याने आपली शस्त्रे भरून दिली : डझनभर गावठी बंदुका. ठाण्यात त्याने बहिणीच्या प्रकरणापुरता लेखी जबाब दिला आणि शेवटी, सवयीने, एक खूण काढली. क्रूस आणि त्याच्याभोवती सातचे तीन आकडे.

तो कागद सार्जंट जोसेफ हर्बर्ट यांच्या नजरेस पडला. १९९० च्या पथकात ते होते. सहा वर्षे झाली होती, पण ती पत्रे त्यांनी इतक्या वेळा वाचली होती, की खूण आणि अक्षराचे वळण दोन्ही त्यांना ओळखू आले. बोटांचा ठसा सेंट्रल पार्कच्या चिठ्ठीवरच्या ठशाशी जुळला. पुढे एका पत्राच्या तिकिटावरच्या थुंकीची तपासणीही त्याच्याकडेच बोट दाखवीत होती. त्याने कबुली दिली. १९९० साली तो अवघा बावीस वर्षांचा होता. १९९८ आणि १९९९ च्या दोन खटल्यांत मिळून त्याला झालेल्या शिक्षेची बेरीज दोनशे वर्षांच्या वर जाते.

उसनी घेतलेली वर्तुळ-फुलीची सही त्याला पकडून देऊ शकली नाही. ती तर कुणीही काढली असती. जी खूण कॅलिफोर्नियाच्या झोडिॲककडे नव्हती, जी याची स्वतःची होती, तिने घात केला. आणि ती ओळखणारा माणूस त्या दिवशी कामावर होता, हेही खरे. रहस्यकथेत लेखक असा योगायोग घालू धजणार नाही.

हे सारे वाचताना मला राहून राहून आपल्याकडची दोन शहरे आठवतात. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत झोपडीत आणि पदपथावर झोपलेल्या माणसांना ठेचून मारणाऱ्या रामन राघवचा तपास पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली झाला, आणि त्या ऑगस्टच्या अखेरीस सबइन्स्पेक्टर ॲलेक्स फिआल्हो यांनी त्याला पकडले. तो १९९५ साली बंदिवासातच वारला. पण तो तुरुंगात असतानाच, १९८५ पासून दोन-अडीच वर्षांत, सायन आणि किंग्ज सर्कल भागात रात्री उघड्यावर झोपलेल्या डझनभर माणसांची डोकी मोठ्या दगडाने ठेचली गेली. मग ते थांबले. १९८९ मध्ये कलकत्त्यात तसेच सुरू झाले. सहा महिन्यांत तेरा माणसे. वर्तमानपत्रांनी नाव दिले, ‘स्टोनमॅन’.

मुंबईचा माणूसच कलकत्त्याला गेला, की मुंबईच्या बातम्या वाचून किंवा ऐकून दुसरा कुणी उठला? न्यूयॉर्कच्या पथकापुढचा तोच प्रश्न. तेथे तो सोडवायला पत्रे होती, अक्षर होते, चिठ्ठीवर बोटाचा ठसा होता. येथे होता दगड, तोही बहुधा जवळपासच उचललेला. मेलेल्यांपैकी कित्येकांची नावेसुद्धा कळली नाहीत. मग त्यांचा माग काढीत, कोण कुणाला कुठे भेटले होते हे विचारीत हिंडणार तरी कोण? दोन्ही शहरांत कुणावर गुन्हा शाबीत झाला नाही. मुंबईत सायनला एक जण हल्ल्यातून निसटला आणि त्याने पोलिसांना वर्दी दिली. तो झोपला होता त्या जागी उजेड पुरेसा नव्हता, त्यामुळे त्याला चेहरा सांगता आला नाही.