रंग, आम्ल आणि पाणी

आपल्या समाजात रंगकामावर पोट भरणाऱ्या बिरादऱ्या थोड्या नाहीत. रंगरेज आहेत, छिपे आहेत, कच्छचे खत्री आहेत. विणकर मोमिनांचे तर रंगाशिवाय पान हलत नाही. त्यांच्या हुनराविषयी आपण अभिमानाने बोलतो. पण या हुनराची जागा कारखान्यातल्या रंगाने कशी घेतली आणि त्या रंगाची किंमत कोणी मोजली, हा इतिहास आपल्या लिखाणात फारसा येत नाही. तो आम्हाला इथे थोडक्यात मांडायचा आहे. त्याची सुरुवात कपाटात ठेवतो त्या डांबराच्या गोळीपासून, म्हणजे नॅप्थलीनपासून होते.

सुती कापड रंगवणे पूर्वी फार किचकट काम होते. लोकर आणि रेशीम रंग सहज धरतात, सुताचे तसे नाही. म्हणून कापड आधी हिरड्यात भिजवायचे, तुरटी लावायची, मग आलाच्या किंवा मंजिष्ठाच्या मुळांसोबत उकळायचे, आणि दर टप्प्याला वाहत्या पाण्यात धुवायचे. निळीची तऱ्हा तर अगदीच वेगळी. एका कापडाला आठवडे लागत. हे ज्ञान कुठे लिहिलेले नव्हते. ते बापाकडून लेकाकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई.

युरोपात दगडी कोळशापासून दिव्यांचा गॅस काढताना काळे डांबर उरत असे. त्यातून नॅप्थलीन निघाले. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. १८२६ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी नॅप्थलीन आणि गंधकाम्ल यांची क्रिया तपासून निबंध प्रसिद्ध केला. या क्रियेत नॅप्थलीनला गंधकाम्लाचा एक गट चिकटतो आणि नवे आम्ल तयार होते: नॅप्थलीन सल्फॉनिक आम्ल. त्याचा मोठा गुण असा की ते पाण्यात चटकन विरघळते. उष्णता कमी ठेवली तर हा गट एका जागी बसतो, जास्त दिली तर दुसऱ्या जागी, हेही पुढे उलगडले. फॅरडेंना रंग बनवायचा नव्हता. पण पाण्यात विरघळण्याचा हा गुण वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

१८५८ साली पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला डायझो क्रिया सापडली. या क्रियेने दोन रेणू जोडून गडद रंग करता येऊ लागले. जोडीतला एक रेणू नॅप्थलीनच्या आम्लाचा घेतला की रंग पाण्यात विरघळे. १८८४ साली पॉल बोटिगर यांनी बेंझिडीनला नॅप्थिऑनिक आम्ल जोडून काँगो रेड बनवला. हिरडा नको, तुरटी नको. रंग गरम पाण्यात विरघळवा, मीठ टाका, सुती कापड बुडवा, झाले! आठवड्यांचे काम तासांवर आले. तो रंग फार पक्का नव्हता, पण स्वस्त होता. त्यातल्या बेंझिडीनने कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग दिला, हे पुढे सिद्ध झाले.

मग या आम्लांची रांगच लागली. काहींना शोधकांची नावे मिळाली: शेफर, क्लेव्ह, टोबियास. काहींना नुसती अक्षरे मिळाली: जे ॲसिड, गामा ॲसिड, एच ॲसिड. आपल्या रंगऱ्याकडे प्रत्येक छटेला फुलाचे, फळाचे, पाखराचे नाव होते. आता रंगाचे मूळ एका अक्षरात मावले, आणि ते अक्षर पेटंटच्या कागदात बंद होते. पहिल्या महायुद्धापर्यंत या धंद्यावर जर्मनीची जवळजवळ मक्तेदारी होती.

याच नॅप्थलीनवर तीव्र गंधकाम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या पदार्थापासून जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली. तिकडे रसायन बदलले आणि इकडे बिहारमधल्या निळीच्या मळेवाल्यांचा नफा बुडाला. तो तोटा त्यांनी रयतेच्या माथी मारला. निळीच्या सक्तीतून सोडवण्याच्या बदल्यात शेतसारा वाढवला. पीर मुहम्मद मुनिस यांनी कानपूरच्या ‘प्रताप’मधून या जुलमावर लिहिले, आणि १९१७ साली गांधीजी चंपारणात पोचले. शोध एका देशात लागतो आणि त्याची झळ दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्याला बसते, हे तेव्हाच दिसले होते.

स्वातंत्र्यानंतर रंगांचे कारखाने आपल्याकडेही उभे राहिले. १९५६ साली इंग्लंडमध्ये सुताशी थेट रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग निघाले. त्यातल्या अनेक निळ्या-काळ्या रंगांना एच ॲसिड लागते, म्हणून त्याची मागणी वाढली. हे आम्ल बनवताना नॅप्थलीनवर गंधकाम्ल, मग नत्राम्ल, मग लोखंडाचा कीस आणि शेवटी कॉस्टिक सोडा अशी क्रिया होते. मालापेक्षा गाळच जास्त पडतो.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. तिथे १९८८ च्या सुमारास एच ॲसिड निघू लागले. माल सगळा परदेशी जाणारा. उत्पादन सुमारे ३७५ टन झाले आणि विषारी गाळ उरला २,४०० टनांहून अधिक. तो उघड्यावर टाकला गेला. पावसाने तो जमिनीत उतरवला आणि विहिरींचे पाणी काळपट झाले. माणसांना, जनावरांना ते पिता येईना, पिकांना देता येईना. ज्या गुणामुळे आम्लाला किंमत आली, त्याच गुणाने विहिरी नासल्या. पाण्यात सहज मिसळणारी गोष्ट पाण्यातून सहज निघत नाही.

१९८९ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथली जमीन आणि पाणी तपासून अहवाल दिला. पाश्चात्त्य देशांत एच ॲसिडचे उत्पादन बंद झाले असले तरी त्यांची गरज कायम आहे, याची नोंद न्यायालयाने घेतली. १३ फेब्रुवारी १९९६ च्या निकालाने ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी’ हे तत्त्व आपल्या कायद्यात पक्के केले. पुढे सफाईचा खर्च ३७ कोटी ३८ लाखांवर ठरला. तरी अर्जांवर अर्ज होत राहिले, आणि २०११ साली न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह वसुलीचा हुकूम द्यावा लागला. निकाल नामांकित ठरला. विहिरींना मात्र निकाल वाचता येत नाही.

म्हणून जुनेच दिवस परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. गरिबाच्या घरातल्या बाईला पक्क्या, झळझळीत रंगाचे लुगडे परवडू लागले ते या आम्लांमुळेच. ही लहान गोष्ट नव्हे. कच्छच्या धमडक्यात मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी १९७० च्या दशकात नीळ-मंजिष्ठाची अजरखची वाट पुन्हा धरली, पण सगळ्या देशाचे कापड त्या वाटेने रंगणार नाही. त्या खत्रींकडून शिकायचे ते वेगळेच आहे. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोह वाढले आणि रंग बिघडू लागले. तेव्हा अनेक कुटुंबांनी उठून अजरखपूर हे नवे गाव वसवले. रंगाआधी पाणी पाहायचे, ही त्यांची रीत.

कारखान्याने ही रीत कधी शिकली नाही, कारण पाण्याचा भाव त्याच्या हिशेबात नव्हता. तो भाव धरला असता तर रंग महाग पडला असता. धरला नाही म्हणून तो स्वस्त पडला, आणि फरकाची रक्कम बिछडीच्या शेतकऱ्याने भरली.