तेरीज, बाकी आणि शिल्लक : हिशेबाच्या मराठीचा दख्खनी इतिहास

मराठी माध्यमातून वाणिज्य शाखेला गेलेल्या मुलाला अकरावीत काही शब्द घोकावे लागतात. रोजकीर्द, खतावणी, तेरीज पत्रक, ताळेबंद. बहुतेकांना ते ‘शुद्ध मराठी’ वाटतात आणि म्हणून अवघडही वाटतात. इंग्रजी माध्यमातला मित्र ‘ट्रायल बॅलन्स’ म्हणतो आणि हा ‘तेरीज पत्रक’ म्हणतो, त्यामुळे याला आपण मागासलेले वाटतो. पण हा तेरीज शब्द मुळात अरबी आहे आणि हजार वर्षांपूर्वी बुखारा-निशापूरकडचे कारकून तो वापरत होते, हे त्याला वर्गात कुणी सांगत नाही.

त्याही आधी, दुसरीच्या वर्गात मूल वजाबाकी शिकते. गुणाकार आणि भागाकार हे शब्द संस्कृत वळणाचे. वजाबाकीची मात्र दोन्ही पदे अरबी, फारसीमार्गे आलेली. ‘वजा’ म्हणजे काढून ठेवणे, ‘बाकी’ म्हणजे उरलेले. बेरीज हा शब्दही फारसी दफ्तरातूनच मराठीत उतरला. मराठी माणूस पैसे मोजायला लागला की नकळत तीन-चार भाषा बोलतो. जमा, रक्कम, वसूल, तारीख, हिशेब हे अरबी, खर्च फारसीतून आलेला, व्याज संस्कृत, मुद्दल दक्षिणेकडच्या कन्नड शेजाऱ्यांकडचे, आणि रोकड आपली देशी. रोजकिर्दीचे एक पान म्हणजे दख्खनचा इतिहासच असतो.

हा इतिहास मला केवळ शब्दांसाठी महत्त्वाचा वाटत नाही. या शब्दांमागे पैसे सांभाळण्याची एक शिस्त होती. शब्द आपल्याकडे राहिले, शिस्त मात्र अनेक ठिकाणी सुटली. आपल्या जमाती, मदरसे, पतसंस्था, छोट्या वक्फ संस्था यांच्याकडे पाहिले की हे जाणवते.

लिहून ठेवा

कुरआनमधली सर्वात मोठी आयत कोणती, असे विचारले तर अनेकजण नमाज, रोजा किंवा जन्नतीविषयीची एखादी आयत सांगतील. प्रत्यक्षात ती सूरह बकरामधली २८२वी आयत आहे आणि तिचा विषय उधारीची नोंद हा आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहाराला लिहिण्यातून सूट दिली आहे, पण तिथेही साक्षीदार ठेवायला सांगितले आहे. लिहिण्याचे कारणही दिले आहे : पुढे शंकेला जागा राहू नये.

हदीसमध्ये इब्नुल लुत्बिय्या नावाच्या वसुलदाराचा प्रसंग येतो. बनू सुलैम या कबिल्याकडून सदका वसूल करून तो परतला, तेव्हा प्रेषित मुहंमद (स.) यांनी त्याचा हिशेब घेतला. तो म्हणाला, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. यावर, तू आईवडिलांच्या घरी बसून राहिला असतास तर ही भेट तुझ्याकडे चालून आली असती का, अशा आशयाचा सवाल त्याला केला गेला. अलीकडच्या भाषेत ही लेखापरीक्षणाची गोष्ट आहे. हाताशी असलेला माल आणि जमा करायचा माल यांचा मेळ लावताना वेगळा काढलेला ढीग कुठून आला, हा प्रश्न तिथे विचारला गेला.

दहाव्या शतकातली जुळवणी

अब्बासी आणि त्यांच्या आसपासच्या राजवटींत महसूल वाढला, प्रांत वाढले आणि दिवाण म्हणजे कचेऱ्या वाढल्या. या कचेऱ्यांची परिभाषा समजावणारे एक पुस्तक दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामानी दरबाराशी संबंधित एका कारकुनाने लिहिले. ‘मफातीहुल उलूम’, म्हणजे ज्ञानाच्या किल्ल्या. लेखकाचे नाव मुहंमद बिन अहमद अल-ख्वारिज्मी. बीजगणितवाला ख्वारिज्मी वेगळा, तो याच्या दीडशे वर्षे आधीचा.

या पुस्तकात हिशेबाच्या वह्यांची नावे येतात. ‘रूजनामज’ ही रोजची वही, त्या-त्या दिवशीची जमा आणि खर्च लिहिण्याची. ‘तारीज’ ही वेगवेगळ्या सदरांच्या रकमा रकान्यांत मांडून एकत्र बेरीज दिसावी यासाठीची मांडणी. आपली तेरीज याच घराण्यातली. ‘खत्मा’ हे महिन्याचे पत्रक : खजिन्याचा जहबज, म्हणजे नाणी पारखणारा आणि सांभाळणारा माणूस, महिन्याला किती आले, किती गेले आणि किती उरले ते यात दाखवी. वर्षाचे पत्रक वेगळे असे.

मला सर्वात महत्त्वाची वाटते ती एक बारीक व्याख्या. अंमलदार आपले काम संपवून समग्र हिशेब सादर करी. ज्याच्यापुढे तो ठेवला जाई त्याला तो मान्य झाला, तर त्या हिशेबाला ‘मुवाफका’ म्हणत. दोघांत मतभेद राहिला, तर तो नुसता ‘मुहासबा’. म्हणजे एकट्याने लिहिलेला हिशेब पुरेसा धरला जात नव्हता. दोन बाजूंनी तो जुळला की मगच त्याला जुळल्याचे नाव मिळे. आज आपण ज्याला जुळवणी म्हणतो, तिची इतकी नेमकी समज त्या काळच्या कारकुनांना होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. समाजमाध्यमांवर अधूनमधून, दुहेरी नोंद पद्धती मुसलमानांनी शोधली, असे संदेश फिरतात. त्याला भक्कम पुरावा नाही. ती पद्धत इटलीतल्या व्यापारी शहरांत रुजली आणि लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ती मांडून दाखवली. त्या व्यापाऱ्यांच्या हाती जे अंक होते, ते मात्र भारतातून अरबांमार्फत तिकडे गेलेले. पिसाचा लिओनार्डो, ज्याला जग फिबोनाची म्हणते, ते अंक आजच्या अल्जीरियातल्या बिजाया बंदरात शिकला आणि १२०२ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. एकट्या कुणाच्या मालकीचे असे यात काही नाही, आणि तसे असण्याची गरजही नाही.

खजिन्याला दोन कुलपे

हिंदुस्थानात ही परंपरा दिल्ली आणि दख्खनच्या सुलतानांबरोबर आली. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’ पूर्ण केले. त्यात परगण्याच्या खजिनदाराची कर्तव्ये दिली आहेत. ती वाचताना आजच्या एखाद्या बँकेचे नियम वाचतोय असे वाटते.

खजिनदाराने पैसा शिकदार आणि कारकून यांच्या माहितीत ठेवावा. रोज संध्याकाळी रोकड मोजावी आणि त्या मोजणीच्या टिपणावर अंमलदाराची सही घ्यावी. आपली रोजवही कारकुनाच्या वहीशी ताडून पाहावी. दाराला अंमलदाराची मोहर असेल, त्यावर आपलेही कुलूप लावावे आणि दोघांना कळवल्याशिवाय ते उघडू नये. रयतेकडून पैसा घेतला की पावती द्यावी. पटवारीच्या ‘बही’वर त्याची सही घ्यावी, म्हणजे तफावत राहणार नाही. वरून हुकूम आल्याशिवाय खर्च करू नये.

रोज मोजणी, दोन वह्या, दोन कुलपे, पावती, मंजुरी. रोकड सांभाळण्याची मूळ तत्त्वे एवढीच आहेत. चारशे वर्षांत त्यात फारशी भर पडलेली नाही.

सुलतानाने फारसी काढली, शब्द राहिले

आता महाराष्ट्राकडे येऊ. विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशाह १५३४ साली गादीवर आला. त्याने सरकारी हिशेबातून फारसी काढून तिथे ‘हिंदवी’ आणली आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे सोपवले, असे फरिश्ता हा इतिहासकार लिहितो. फरिश्ता पुढे विजापूर दरबारातच राहिला, त्यामुळे त्याला दफ्तराची माहिती होती. इतिहासकार या हिंदवीचा अर्थ इथली देशी भाषा, म्हणजे प्रामुख्याने मराठी, असा लावतात. मराठी ही राज्यकारभाराची भाषा म्हणून घडण्यात एका सुलतानाच्या निर्णयाचा असा वाटा आहे.

गंमत अशी की भाषा मराठी झाली तरी परिभाषा फारसीच राहिली. पुढे शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, डबीराचा सुमंत झाला. राजाभिषेकाला साजेशी ती भाषा होती आणि एका सार्वभौम राजाचा तो अधिकारही होता. पण गावागावांतल्या, किल्ल्याकिल्ल्यांवरच्या वह्यांत जमा, वसूल, बाकी, तेरीज तशीच चालू राहिली.

पेशवाईत तर या शब्दांची आडनावे झाली. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, तो लिहिणारा फडणवीस. फोतेदार, म्हणजे खजिन्याची रोकड राखणारा, पोतदार झाला. दख्खनमध्ये नाणी पारखण्याचे कामही त्याच्याकडे आले. ख्वारिज्मीच्या जहबजाचा हा दख्खनी भाऊच. नाना फडणवीसांच्या (१७४२-१८००) हाती मराठेशाहीचा कारभार आला, तेव्हाही त्यांच्या पदाचे नाव हिशेब लिहिणाऱ्याचेच होते.

प्रांतोप्रांती दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस असे दरखदार असत. त्यांची नेमणूक मामलेदार करत नसे, वरून होई. त्यामुळे ते मामलेदाराच्या मर्जीवर अवलंबून नसत. पैसा ज्याच्या हाती आणि वही ज्याच्या हाती, ती माणसे वेगळी. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे जे हजारो रुमाल आहेत, त्यातल्या रोजकिर्दी या व्यवस्थेतून जन्मल्या. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातून निवडलेल्या नोंदी ‘पेशव्यांच्या रोजनिशी’ म्हणून छापल्या गेल्या आणि न्या. रानड्यांनी त्यांच्या आधारे पेशवाईच्या कारभाराचे विवेचन केले. हिशेबाची वही इतिहासाचे साधन झाली, कारण ती रोजच्या रोज लिहिलेली होती.

विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ आली. तारखेला दिनांक मिळाला. तेरीज पत्रक मात्र पाठ्यपुस्तकात टिकले. बाकीला पर्याय कुणी सुचवला असेलही, पण दुकानदाराने तो घेतला नाही. ‘तुमची भाषा उर्दू, तुम्हाला एवढे मराठी कसे येते?’ असे मला आजही अधूनमधून विचारले जाते. मी त्यांना वजाबाकीची दोन्ही पदे कुठून आली ते सांगतो.

वही आणि पासबुक

इंग्रजी अमलात बँका आल्या. १८४० साली बँक ऑफ बॉम्बे सुरू झाली. हळूहळू रोकड पेटीतून बँकेत गेली आणि जुळवणीला नवे रूप आले. पूर्वी वही पेटीतल्या नाण्यांशी ताडायची होती, आता ती बँकेच्या वहीशीही ताडायची. पाठ्यपुस्तकात याला बँक जुळवणी पत्रक म्हणतात. अनेकांना परीक्षेनंतर ते कधी लागत नाही. पण ते न केल्याने काय होते, ते मी पाहिले आहे.

एका मोहल्ल्यातल्या जमातीच्या सभेतली ही गोष्ट. खजिनदार वयस्क, शिवणकाम करणारे, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या वहीत बँकेची शिल्लक एक होती आणि पासबुकात दुसरी. एका तरुणाने पासबुक वर धरून सर्वांसमोर विचारले, ‘चाचा, वही खरी की बँक खरी?’ चाचांना उत्तर देता आले नाही. कुजबुज सुरू झाली. त्यांनी चाव्या टेबलावर ठेवल्या आणि ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बसलो. समजण्यापुरते सोपे आकडे घेतो. वहीत शिल्लक ४८,५०० आणि पासबुकात ५३,३५०. फरक ४,८५०. वायरमनला दिलेला ६,००० चा चेक त्याने अजून वटवलाच नव्हता. तो वहीत खर्ची पडला होता, बँकेत नाही. ४८,५०० मध्ये ६,००० मिळवले की ५४,५००. एका देणगीदाराचा १,००० चा चेक भरला होता, पण तो खात्यात जमा व्हायचा होता. तो वजा केला की ५३,५००. बँकेने १५० रुपये शुल्क कापले होते, ते वहीत चढले नव्हते. तेही वजा केले की ५३,३५०. पासबुक जुळले. वहीही खरी होती आणि बँकही खरी होती, फक्त दोघांच्या तारखा वेगळ्या होत्या. वहीत नोंद करायची राहिली होती ती केवळ १५० रुपयांची.

आम्ही तो कागद घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी पाहिला, मान हलवली, चहा पाजला. पण ते खजिनदार म्हणून परत आले नाहीत. अर्ध्या तासाचे काम दर महिन्याला झाले असते, तर एका प्रामाणिक माणसाला भरसभेत मान खाली घालावी लागली नसती.

म्हणून मला वाटते की जुळवणी ही चोर पकडण्यासाठी असते, हा समज अर्धाच खरा आहे. प्रामाणिक माणसाला संशयापासून वाचवण्यासाठी तिची जास्त गरज असते. सूरह बकरामध्ये लिहिण्याचे कारण शंका टाळणे हेच दिले आहे. आपल्याकडे मात्र विश्वासाच्या नावाखाली हिशेब टाळला जातो. ‘अल्लाहला हिशेब द्यायचाय’ हे वाक्य सभेत ऐकू येते. खरेच द्यायचा आहे. पण ज्यांनी दहा-वीस रुपये पेटीत टाकले, त्यांनाही द्यायचा आहे, आणि कायद्यानेही मुतवल्लीवर हिशेब ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे.

करायचे काम थोडेच आहे. जुम्म्याची पेटी दोघांसमोर उघडावी, मोजलेली रक्कम तिथेच लिहून दोघांनी सही करावी. आलेली रक्कम पूर्ण बँकेत भरावी, परस्पर त्यातून खर्च करू नये. किरकोळ खर्चासाठी ठरावीक रक्कम वेगळी ठेवावी. पैसा एकाकडे असावा आणि वही दुसऱ्याकडे. महिनाअखेरीस पासबुक घेऊन जुळवणी करावी, आणि तिचा कागद जमा-खर्चासोबत सूचना फलकावर लावावा. यासाठी सनदी लेखापाल लागत नाही. अकरावी शिकलेली मोहल्ल्यातली कोणतीही मुलगी हे करू शकते. तेरीज पत्रक म्हणजे काय, हे तिला ठाऊक असते.